सरकारचं कर्ज आणि आपलं पासबुक

(ओरछा गेट, झाशी येथे अल्पबचत खातेदारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय खरं म्हणजे तुम्हीच दिलेला आहे. पोस्टाच्या खिडकीशी असो की बँकेच्या रांगेत, एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. "सरकारवर म्हणे एवढं कर्ज झालंय. मग आमच्या ठेवीचं काय?" मोबाइलवर एक निरोपही फिरत असतो. त्यात देशाच्या कर्जाला लोकसंख्येने भागलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं, तुमच्या प्रत्येकाच्या डोक्यावर एवढे हजार रुपये. वाचलं की पोटात गोळा येतो.

तो भागाकार आपणही करून पाहू. केंद्र सरकारचं कर्ज २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातल्या अंदाजानुसार ढोबळमानाने २०० लाख कोटी रुपये. आपण आहोत सुमारे १४६ कोटी. म्हणजे डोई एक लाख छत्तीस-सदतीस हजार. हिशोब चुकीचा नाही, पण अर्धा आहे. त्याच अर्थसंकल्पात देशाचं वर्षाचं उत्पन्न, ज्याला जीडीपी म्हणतात, ते सुमारे ३५७ लाख कोटी धरलं आहे. तेही डोईमागे काढा. वर्षाला दोन लाख चव्वेचाळीस हजार येतात. शेजाऱ्यावर दीड लाखाचं कर्ज आहे एवढंच कळलं, तर तो अडचणीत आहे की नाही हे तुम्ही सांगाल का? आधी विचाराल, मिळकत किती? वाढतेय की घटतेय? कर्ज कशासाठी काढलं? सरकारलाही हेच तीन प्रश्न विचारायचे आहेत, आणि आज ते कसे विचारायचे तेवढंच आपण शिकणार आहोत.

तूट वेगळी, कर्ज वेगळं

पहिल्यांदा दोन शब्द सुटे करू. वर्तमानपत्रात 'वित्तीय तूट' असं छापून येतं आणि 'सार्वजनिक कर्ज' असंही येतं. पुष्कळांना दोन्ही एकच वाटतं.

वाण्याकडची वही आठवा. या महिन्यात पगार वीस हजार आणि खर्च एकवीस हजार झाला, तर हजार रुपये वहीत मांडले जातात. ते हजार म्हणजे या महिन्याची तूट. आणि मागच्या सगळ्या महिन्यांचं मिळून पानाच्या तळाशी जी बेरीज आहे, ते कर्ज. तूट कमी झाली म्हणजे कर्ज कमी झालं असं नव्हे. तूट हजारावरून पाचशेवर आली, तरी तळाची बेरीज पाचशेने वाढतेच.

आता देशाची वही उघडू. २०२५-२६ साठी केंद्र सरकारचा एकूण खर्च धरला आहे ५०.६५ लाख कोटी रुपये. कर्ज सोडून बाकी सगळी जमा आहे ३४.९६ लाख कोटी. मधला फरक १५.६९ लाख कोटी, ही झाली वित्तीय तूट. देशाच्या उत्पन्नाच्या ४.४ टक्के. पैशांच्या भाषेत सांगायचं तर सरकारच्या हाती येणाऱ्या दर रुपयात २४ पैसे उसनवारीचे असतात. आणि सरकार खर्च करतं त्या रुपयातले २० पैसे जुन्या कर्जाच्या व्याजात जातात.

या व्याजाकडे जरा थांबून पाहा. वर्षभरात व्याजापोटी द्यायचे आहेत १२.७६ लाख कोटी. नवं कर्ज काढायचं आहे १५.६९ लाख कोटी. म्हणजे नव्या कर्जातला फार मोठा हिस्सा जुन्याचं व्याज भागवण्याएवढाच आहे. ज्या घरात असं होतं त्या घरातल्या माणसाला हात आखडता का घ्यावा लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

झाशीचीच गोष्ट

आता जरा आपल्या गावाच्या इतिहासात जाऊ, कारण कर्ज जड कसं होतं हे झाशीइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल.

ज्या दरवाजापाशी आपण बसलो आहोत, त्याचं नाव ओरछ्यावरून पडलं. इथून निघालेली वाट ओरछ्याला जाते. आता १८३५ सालात या. नेवाळकरांच्या गादीवरचे रामचंद्रराव वारले आणि रघुनाथराव गादीवर आले. त्यांचा कारभार उधळपट्टीचा होता. तीन वर्षांत मुलखाचा वसूल आधीच्या चौथाईवर आला आणि देणी एवढी चढली, की संस्थानाचा काही मुलूख ग्वाल्हेर आणि ओरछा या दरबारांकडे गहाण टाकावा लागला. दरवाजा आपला आणि त्याच्या बाहेरच्या वाटेवर सावकार, अशी ती अवस्था.

यातलं गणित नीट पाहा. आकडे मी समजण्यापुरते घेतो. समजा देणं एक लाख आहे आणि वर्षाचा वसूल चार लाख. कर्ज वसुलाच्या पाव पट झालं, फेडणं जड नाही. आता नवा एक पैसाही न काढता वसूल एक लाखावर आला, तर तेच देणं वर्षाच्या सबंध मिळकतीएवढं झालं. कर्ज तेवढंच राहिलं आणि ओझं चौपट झालं. रघुनाथरावांच्या वेळी दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. खर्च सुटला आणि उत्पन्न आटलं.

१८३८ मध्ये रघुनाथराव वारले. गादी गंगाधररावांकडे आली, पण कंपनी सरकारने कारभार काही वर्षं आपल्या अधिकाऱ्यांकडे ठेवला. पुढे वसूल सावरला आणि कारभार गंगाधररावांच्या हाती परत आला, तोही काही मुलूख फौजेच्या खर्चासाठी तोडून दिल्यावर. देणेकऱ्याच्या हातून फक्त पैसा जात नाही, निर्णयही जातो.

याच्या पुढचा भाग आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव गेले. कंपनीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा केलं. राणी लक्ष्मीबाईंना दरमहा ५,००० रुपये तनखा ठरवला आणि मागाहून त्या तनख्यातूनच पतीची देणी फेडावीत असं सांगितलं. राणींना हे मान्य नव्हतं, आणि का असावं? मुलूख, वसूल, किल्ला सगळं कंपनीकडे गेलं आणि देणं तेवढं एका विधवेच्या महिन्याच्या तनख्यावर आलं.

ही गोष्ट मी स्वाभिमान जागवायला सांगितली नाही, त्यासाठी झाशीला माझी गरज नाही. सांगायचं आहे ते असं की राज्याचं कर्ज कधी हवेत विरत नाही. ते कुणाच्या तरी मिळकतीतून जातं, आणि हिशोब नीट ठेवला नाही तर ज्याची मिळकत ठरावीक आहे आणि ज्याला बोलायला जागा नाही, त्याच्याकडे ते आधी येतं. आजच्या काळात ठरावीक मिळकतीची माणसं कोण? पेन्शनवाले, मासिक प्राप्ती योजनेच्या व्याजावर घर चालवणाऱ्या ताई, महिन्याला पाचशे रुपये आवर्ती ठेवीत टाकणारे तुम्ही.

देणेकरीही आपण, सावकारही आपणच

मोबाइलवरच्या निरोपात एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते. सरकार हे पैसे घेतं कुणाकडून? बहुतांश देशातूनच, आणि त्यात तुम्ही आहात.

तुम्ही पोस्टात सुकन्या, पीपीएफ किंवा राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात पैसे भरता. ते जातात राष्ट्रीय अल्पबचत निधीत. १ एप्रिल १९९९ पासून हा निधी वेगळा ठेवला जातो. हा निधी सरकारच्या खास रोख्यांत पैसे घालतो, म्हणजेच सरकारला उसने देतो. २०२५-२६ मध्ये सरकारने आपल्या तुटीपैकी ३.४३ लाख कोटी रुपये अल्पबचतीतून भागवायचं ठरवलं आहे. तुटीच्या दर पाच रुपयांत एक रुपया तुमच्यासारख्यांचा.

बँकेत ठेवलेत तरी सुटका नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकांना आपल्या ठेवींच्या मानाने १८ टक्के रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावी लागते. विम्याचा हप्ता भरलात, भविष्यनिर्वाह निधी कापला गेला, तरी त्यातला मोठा भाग तिथेच जातो. म्हणून सरकारचं कर्ज हा फक्त दिल्लीचा विषय नाही. वहीच्या एका बाजूला करदाते म्हणून आपण आहोत आणि दुसऱ्या बाजूला ठेवीदार म्हणूनही आपणच.

यामुळे एक भीती कमी व्हायला हवी. कर्ज आपल्याच रुपयात आणि आपल्याच माणसांकडून घेतलेलं असलं की देश एकाएकी कोसळत नाही. जपानच्या सरकारचं कर्ज तिथल्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे, पण ते बरंचसं जपानी माणसांचंच आहे. श्रीलंकेचं पुष्कळ देणं परक्या चलनात होतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी परदेशी कर्जाची परतफेड थांबवली आणि त्याच वर्षी तिथली महागाई ७० टक्क्यांच्या आसपास पोचली. तिथल्या ठेवीदाराचे पासबुकातले आकडे शाबूत होते, फक्त त्या आकड्यांना बाजारात किंमत राहिली नाही. आपली खरी भीती ही असायला हवी. पैसे बुडतील का, यापेक्षा पैशांचं मोल टिकेल का, हे विचारा.

एकच भागाकार शिकून घ्या

आता सगळ्या भाषणातला महत्त्वाचा भाग. कागद-पेन्सिल असेल तर काढा.

देशाचं उत्पन्न १०० रुपये धरा. २०२४-२५ अखेर केंद्राचं कर्ज उत्पन्नाच्या ५७.१ टक्के होतं, म्हणजे १०० रुपयांमागे ५७ रुपये १० पैसे. सरकारने धरलं आहे की पुढच्या वर्षी देशाचं उत्पन्न, चालू भावाने, १०.१ टक्क्यांनी वाढेल. म्हणजे १०० चे होतील ११० रुपये १० पैसे. तूट त्याच्या ४.४ टक्के, म्हणजे सुमारे ४ रुपये ८४ पैसे. कर्जात तेवढी भर पडली. ५७.१० अधिक ४.८४, झाले ६१ रुपये ९४ पैसे.

कर्ज वाढलं की नाही? वाढलं, जवळजवळ पाच रुपयांनी. पण आता ते ११०.१० ने भागा. उत्तर येतं ५६.३ टक्के. सरकारचा स्वतःचा अंदाज आहे ५६.१ टक्के. बारीकसारीक नोंदींचा फरक सोडला, तर आपण पेन्सिलीने अर्थमंत्रालयाच्या जवळ पोचलो. कर्ज वाढूनही ओझं कमी झालं, कारण मिळकत कर्जापेक्षा जोरात वाढली.

आता दुसरी बाजू. समजा उत्पन्न १०.१ ऐवजी ७ टक्क्यांनीच वाढलं आणि सरकारने खर्च ठरल्याप्रमाणेच केला, एक पैसा जास्त नाही. कर्ज तेच ६१.९४. पण भागायचं १०७ ने. उत्तर ५७.९. आधीच्या ५७.१ पेक्षा वर. तूट तीच, रुपये तेच, आणि ओझं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. प्रत्यक्षात तर वाढ मंदावली की करही कमी जमतो, म्हणजे तूटसुद्धा तेवढीच राहत नाही.

आपल्याकडे 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असं म्हणतात. घराला हे लागू आहे. देशाच्या बाबतीत एवढं जोडायचं की त्याचं अंथरूण दरवर्षी लांब होत असतं. लांब होण्याचा वेग पाय पसरण्याच्या वेगाहून जास्त असेपर्यंत ठीक. अंथरूण वाढायचं थांबलं की उघडे पाय दिसतात.

करोनाच्या वर्षी आपण हे पाहिलं. २०२०-२१ मध्ये धंदे बंद, कर कमी, आणि रेशन, औषधं, मदत यांचा खर्च वाढलेला. केंद्राची तूट उत्पन्नाच्या ९.२ टक्क्यांवर गेली आणि देशाचं उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा घटलं. वरचा आकडा फुगला, खालचा आकसला. केंद्राचं कर्ज उत्पन्नाच्या ६१ टक्क्यांच्या पुढे गेलं. त्यानंतर ते ५७ वर आलं, पण लक्षात घ्या, या मधल्या काळात एकाही वर्षी रुपयातलं कर्ज कमी झालेलं नाही. तूट हळूहळू आवळली गेली आणि उत्पन्न वाढत गेलं, म्हणून ओझं उतरलं. सरकारने आता मार्च २०३१ पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आणायचं ठरवलं आहे. आधीही असंच उद्दिष्ट होतं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात केंद्रासाठी २०२४-२५ पर्यंत ४० टक्के असं लिहिलं होतं. ते गाठलं गेलं नाही. म्हणून उद्दिष्ट वाचून थांबू नका. दरवर्षी भागाकार करून पाहा.

राज्यांचीही अशीच वही असते. तुमच्यापैकी अनेकांचं माहेर, सासर, भाऊबंद महाराष्ट्रात आहेत. महाराष्ट्र सरकारचं कर्ज २०२५-२६ च्या अंदाजात नऊ लाख कोटींच्या पुढे गेलं, तेव्हा तिकडे खूप गाजलं. पण राज्याचं उत्पन्न मोठं असल्यामुळे ते १९ टक्क्यांच्या आत बसतं. आकडा मोठा असणं आणि ओझं मोठं असणं यांत फरक आहे. मात्र केंद्र आणि सगळी राज्यं मिळून पाहिलं तर देशाचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जातं, हेही विसरायचं नाही.

ऋण काढून सण, की ऋण काढून विहीर?

तिसरा प्रश्न, कर्ज कशासाठी? एकाने कर्ज काढून पिठाची चक्की घातली. दुसऱ्याने तेवढंच कर्ज काढून लग्नात पंगती उठवल्या. पाच वर्षांनी चक्कीवाल्याचा हप्ता चक्कीच भरते. दुसऱ्याचा हप्ता त्याच्या पगारातून जातो. दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे 'ऋण काढून सण' म्हणतात.

सरकारच्या कागदात या 'सणा'चा आकडा सापडतो. त्याचं नाव महसुली तूट. रोजचा चालू खर्च चालू जमेतून भागत नाही, तेव्हा जे उसने घ्यावे लागतात ते. २०२५-२६ मध्ये हा आकडा ५.२४ लाख कोटी आहे. एकूण तूट १५.६९. म्हणजे उसनवारीतला तिसरा हिस्सा चालू खर्चात जातो आणि बाकीचा रस्ते, रेल्वे, धरणं अशा टिकाऊ कामांकडे. यात सगळा चालू खर्च वाया जातो असं मी म्हणत नाही. शिक्षिकेचा पगार आणि दवाखान्यातली औषधंही त्यातच येतात. पण त्यासाठी कायम उसने घेणं परवडत नाही.

टिकाऊ कामाचंही डोळे उघडे ठेवून पाहायचं. आपल्याच भागातला केन-बेतवा जोड प्रकल्प घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झाला तेव्हा खर्च ४४,६०५ कोटी धरला होता. त्याचं पाणी मिळणाऱ्या जिल्ह्यांत झाशीही आहे. पाणी ठरल्या वेळी शेतात पोचलं, दुसरं पीक निघालं, तर बाजारात पैसा येईल, कर जमेल आणि त्या कर्जाचं व्याज निघेल. काम वीस वर्षं रेंगाळलं तर व्याजाचं मीटर चालू आणि विहीर कोरडी. म्हणून गावात एखादं सरकारी काम अडलेलं दिसलं की ते फक्त धुळीचं दुखणं समजू नका. ते तुमच्या कर्जाचं व्याज आहे.

याचा आपल्या पासबुकाशी काय संबंध?

सरकारपुढे कर्जाचं ओझं हलकं करायचे मार्ग थोडेच आहेत. कर वाढवणं, खर्च कापणं, उत्पन्न वाढवणं. आणि आणखी एक आहे, ज्याची घोषणा कुणी करत नाही. महागाई.

भाव वाढले की चालू भावाने मोजलेलं देशाचं उत्पन्न फुगतं. जुनं कर्ज मात्र तेवढ्याच रुपयांत राहतं. भागाकार आपोआप सोपा होतो. पण मग ओझं कुणी उचललं? ज्याने ते रुपये उसने दिले होते त्याने. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्के होता. पोस्टाच्या बचत खात्यावर व्याज होतं ४ टक्के. वर्षापूर्वी ज्याने एक लाख ठेवले त्याचे एक लाख चार हजार झाले. त्याच वर्षात लाखाचा बाजार झाला एक लाख सात हजार सातशे नव्वद. पासबुकात चार हजार वाढलेले दिसतात आणि घरात पावणेचार हजारांचा खड्डा पडतो. पीपीएफवाल्याचे ७.१ टक्केही त्या वर्षी कमीच पडले.

उलटंही होतं. जुलै २०२५ मध्ये महागाई २ टक्क्यांच्याही खाली आली. ठेवीदाराला ही चांगली बातमी. पण भाव वाढले नाहीत तर चालू भावाने उत्पन्न १०.१ टक्क्यांनी वाढायचं कसं? म्हणजे आपलं स्वयंपाकघर सुखात असतं तेव्हा सरकारचा भागाकार अवघड होतो. सरकारला स्वस्ताई नकोशी असते असा याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच की कर्ज जितकं जड, तितका महागाईकडे काणाडोळा करायचा मोह मोठा. यावर कुंपणं घातलेली आहेत. १९९७ पर्यंत सरकारला कमी पडलं की रिझर्व्ह बँकेकडून आपोआप पैसे उचलायची सोय होती. ती त्या वर्षी बंद झाली. पुढे २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्यानुसार २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारचे नवे रोखे थेट सरकारकडून घेणंही थांबलं. ही कुंपणं ठेवीदारासाठी आहेत. ती काढायची भाषा कुणी केली तर कान टवकारा.

दुसरा संबंध व्याजदराचा. अल्पबचतीचे दर दर तिमाहीला ठरतात. त्यांची सांगड त्याच मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या व्याजाशी घातलेली आहे, पण शेवटचा शब्द सरकारचा असतो. सरकारने बाजारातून फार उचललं तर रोख्यांचं व्याज चढतं, तुमच्या ठेवीला बरं, पण दुकानदाराचं आणि घराचं कर्ज महागतं. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर एक टक्क्याने खाली आणला. बँकांच्या मुदत ठेवींचे दर उतरले. अल्पबचतीचे दर सरकारने तसेच ठेवले.

मग आपण काय करायचं?

एक. सुरक्षितता नीट ओळखा. पोस्टाच्या ठेवीमागे थेट सरकारची हमी आहे. बँकेत एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतसंस्थांना हा विमा नाही. सरकारवर कर्ज आहे म्हणून घाबरून पोस्टातले पैसे काढायचे आणि जास्त व्याजाच्या आशेने भलत्या ठिकाणी ठेवायचे, यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार नाही.

दोन. कुठला दर बांधलेला आहे आणि कुठला बदलतो, हे पासबुकावर लिहून ठेवा. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, मासिक प्राप्ती, किसान विकास पत्र यांत पैसे भरताना जो दर असेल तो मुदतभर राहतो. पीपीएफ आणि सुकन्या यांचा दर पुढे बदलू शकतो. २०२५ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीत ज्येष्ठांसाठी ८.२, बचत प्रमाणपत्रावर ७.७, मासिक प्राप्तीवर ७.४ टक्के होते. ज्यांचं घर व्याजावर चालतं त्यांनी बांधलेल्या दराचा विचार आधी करावा.

तीन. व्याजातून महागाई वजा करायची सवय लावा. उरतं ती तुमची खरी कमाई. गरजेपुरते सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे हाताशी ठेवून बाकीचे नुसते बचत खात्यात पडू देऊ नका.

चार. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो तेव्हा टीव्हीवरची वादावादी सोडून चार आकडे टिपून घ्या. वित्तीय तूट किती टक्के, महसुली तूट किती, व्याजात किती पैसे जातात, आणि देशाचं उत्पन्न चालू भावाने किती वाढेल असं धरलं आहे. मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवा आणि आज शिकलेला भागाकार करा. घरातल्या आठवी-नववीतल्या मुलाला करायला सांगितलात तर त्याचाही अभ्यास होईल.

आणि मत मागायला कुणी आलं, नवी सवलत जाहीर केली, तर नम्रपणे विचारा, हे पैसे चालू जमेतून देणार की उसने काढून? उसने काढणार असाल तर ते फिटणार कशातून? सावकाराला हे विचारायचा हक्क असतो, आणि पासबुक हातात असलेले तुम्ही सगळे सरकारचे सावकार आहात.

ज्यांनी पासबुकं बरोबर आणली आहेत त्यांनी पुढे यावं. कुठल्या खात्याचा दर बांधलेला आहे आणि कुठल्याचा नाही, ते आपण आत्ताच पाहून घेऊ.